साहेबांच्या माशाचा रंग उडाला

माणसानं गप्प बसावं हे मला पूर्ण पटलेलं आहे, फक्त वेळेवर आठवत नाही. त्या दिवशी हिंगोलीच्या तहसील कचेरीत साहेबांनी एवढंच विचारलं होतं, की तुमच्यापैकी कुणी कधी मासा पाळलाय का. बाकीच्या कारकुनांनी झटकन माना खाली घातल्या आणि कधी नव्हे ते काम सुरू केलं. मी मात्र उभा राहिलो आणि म्हणालो, "जी साहेब, बचपन से."

(आमचं घर कुरुंद्याचं आणि माळकरी. लहानपणी मी ओढ्यात बापाचा पंचा धरून एकदा एक मासा पकडला होता. तो घरी येईपर्यंत मेला, आणि पंचा बाटवला म्हणून आईनं मला बदडलं. माशांचा माझा अनुभव तेवढाच.)

पण मी उगीच उभा राहिलो नव्हतो. माझ्या डोक्यावर तबादल्याची, म्हणजे बदलीची, तलवार लटकत होती. निजाम सरकारच्या कारभारात कारकुनाला कुठून उचलतील आणि कुठं ठेवतील याचा नेम नसे, आणि मला तर थेट तेलंगणाकडच्या एका तालुक्याला पाठवायचं घाटत होतं, जिथली भाषा मला येत नव्हती आणि रस्ताही माहीत नव्हता. एरवी गेलोही असतो. पण माझ्या बायकोला, द्वारकाबाईला, दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, औंढ्याला नागनाथाच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या, सासरच्या बायका टोमणे मारून दमल्या होत्या, आणि आता कुठं देवानं ऐकलं होतं. हिंगोलीत सरकारी दवाखाना होता, त्यात नर्सबाई होती, आणि शेजारच्या आशाबाईनं बाळंतपणाला आपण स्वतः उशाशी बसणार असं कबूल केलं होतं. तबादल्याची कुणकुण लागली तेव्हा द्वारकाबाई मला शांतपणे म्हणाली, "मी तिकडं येणार न्हाई, आन् तुमाला एकट्याला बी जाऊ देणार न्हाई. आता काय करायचं ते तुमी करा."

तर मी हे केलं. साहेबांचा मासा अंगावर घेतला.

साहेब हैदराबादचे, माणूस मोठा दिलदार. त्यांचा मेहुणा जहाजावर नोकरीला होता, त्यानं लांब सयामहून एक लढाऊ मासा आणून दिला होता. काचेच्या बरणीत एकटाच राहायचा. दुसऱ्या माशाला जवळ ठेवला तर फाडून टाकतो म्हणे. कचेरीतले चपराशी त्याला 'छोटे सरकार' म्हणत आणि बंगल्यावर गेले की आधी त्यालाच सलाम करत. साहेबांच्या पुतणीचं लग्न हैदराबादला निघालं, सगळं घर निघालं, आणि बरणी घेऊन आगगाडीचे धक्के खात जाणं शक्य नव्हतं.

स्टेशनावर साहेबांनी बरणी माझ्या हातात दिली आणि समजावून सांगायला लागले, "देखो संतराम, इसका पानी जो है..." एवढ्यात मी म्हणालो, "आप बेफिक्र रहिए साहेब, मेरेकू सब मालूम है." साहेबांनी माझ्याकडं जरा बघितलं. मग म्हणाले, खायला जिवंत किडे लागतात, बारीक, पाण्यातले. बाकी तुम्हाला माहीतच आहे. मी मान डोलावली. गाडी हलता हलता मी हळूच तबादल्याचं काढलं, तर साहेब खिडकीतून म्हणाले, "वापस आकर बात करेंगे. पहले मछली." म्हणजे माझ्या होणाऱ्या लेकराचं गाव आता त्या बरणीवर ठरणार होतं, हे मला स्पष्ट झालं.

घरी द्वारकाबाईनं बरणीत डोकावून बघितलं आणि तिचा हिरमोड झाला. साहेबाचा मासा म्हणजे हातभर तरी असंल असं तिला वाटलं होतं, आणि हा बोटाएवढा. पण दिसायला देखणा. अंग गर्द निळं, आणि शेपूट लालभडक, पाण्यात लुगड्याच्या पदरासारखी पसरलेली. आमच्या घरात बरणी ठेवायला सोयीची जागा एकच, चुलीशेजारची फळी. तिनं तिथं ठेवली. मासा तिथं लगेच रुळला. ती भाकरी थापायला बसली की काचेला नाक लावून बघायचा, तिनं बोट फिरवलं की बोटामागं फिरायचा. ती त्याला 'पाव्हणं' म्हणायला लागली आणि दिवसभर त्याच्याशी बोलायला लागली. (माझ्याशी ती इतकं कधी बोलली नव्हती. अर्थात मी बोटामागं फिरत नव्हतो.)

अडचण झाली ती खाण्याची. पाण्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या आणायच्या कुठून? पौषाचे दिवस, डबकी आटलेली. कचेरी सुटली की मी वाटी आणि फडकं घेऊन छावणीतले जुने हौद धुंडाळायचो. गावात बोलबाला झाला, की संतराम कारकुनाचं हौदात काहीतरी पडलंय आणि तो कुणाला सांगून नाही राहिला. दोन-तीन माणसं आपण होऊन माझ्याबरोबर शोधायला लागली. काय शोधायचं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हौदही संपले तेव्हा मला एक कल्पना सुचली. (मला कल्पना सुचली की द्वारकाबाई हातातलं काम खाली ठेवते. त्या दिवशी ती नेमकी जवळ नव्हती.) आडावर बायका पाणी भरत होत्या. त्यात शेजारची आशाबाई होती. मी अदबीनं जवळ गेलो आणि म्हणालो, "वहिनी, तुमच्या रांजणात अळ्या हायत का हो? थोड्याच पायजे होत्या."

आता आमच्या भागात तुम्ही एखाद्या बाईला म्हणा की तुझं पोरगं वाया गेलंय, ती एक वेळ ऐकून घेईल. पण चारचौघींत तिच्या प्यायच्या पाण्यात किडे आहेत असं म्हणायचं नाही. त्यातून ही आशाबाई, जी रांजण इतका घासते की कुंभाराला वाईट वाटावं. तिनं घागर उचलली, पदर सारखा केला आणि निघून गेली. बाकीच्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या. मी रिकामी वाटी घेऊन घरी आलो.

आशाबाईचा नवरा दगडोबा. तो माझ्याच कचेरीत, माझ्याच शेजारच्या मेजावर, आणि घरही भिंतीला भिंत लागून. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला म्हणून घरी आला तो थेट आमच्याकडं गेला, मला जाब विचारायला. मी नव्हतो, त्याला चुकवायला कचेरीतच दडून बसलो होतो. द्वारकाबाईनं त्याला बसवलं, चहा दिला आणि ती पाण्याला गेली. दगडोबा बराच वेळ चुलीपाशी एकटाच बसून वाट बघत होता, आणि मग उठून गेला. संध्याकाळी हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी वेगळ्याच काळजीत होतो.

माझ्या मनात आलं, साहेब आता उद्या-परवा परतणार. साहेबांचा मासा, आणि आमच्या चुलीच्या धुरात? उद्या कुणी कानावर घातलं तर? पाहुण्याला कसं स्वच्छ हवेत ठेवावं. मी बरणी उचलली आणि उत्तरेकडच्या खिडकीत नेऊन ठेवली. द्वारकाबाई म्हणाली, "राहू द्या की तिथंच, चांगला खुशीत हाय." मी तिला समजावलं की मोठ्या लोकांच्या जिवांना मोकळी हवा लागते. शिवाय रात्रीच आडातून ताजं पाणी शेंदून अंगणात गारव्याला ठेवलं, पहाटे कोंबडा आरवताच उठलो, बरणीतलं शिळं पाणी ओतून दिलं आणि काठोकाठ ताजं भरलं. हात बधिर झाले, इतकं ते पाणी ताजं होतं. देवाची पूजा केल्याचं समाधान वाटलं. मग आंघोळ-बिंघोळ उरकून उजाडल्यावर कौतुकानं बघायला गेलो.

बरणीत दुसराच मासा होता.

मातकट रंगाचा, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन काळ्या रेघा, पंख आवळून घेतलेले, बरणीच्या तळाशी एका कुशीवर कलंडून पडलेला. असे मासे आमच्या कयाधू नदीत ढिगानं सापडतात. मी द्वारकाबाईला हाक मारली. तिनं बघितलं, बरणीला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"किती गार पडलीय बरणी. गारठला असंल हो बिचारा."

"गारठल्यानं रंग जातो व्हय? थंडीनं तर माणूस निळा पडतो. निळ्याचा मातकट कसा होईल?"

ती पदरानं बरणी पुसायला लागली. (माझा मुद्दा बिनतोड असला की तिला असंच एखादं काम सुचतं.) मी विचार करायला बसलो आणि सगळं लख्ख दिसायला लागलं. दगडोबा सुटीच्या दिवशी कयाधूवर गळ टाकून बसतो. दगडोबा काल चुलीपाशी एकटा होता, आणि त्यानंतर दिव्याच्या उजेडात माशाचा रंग कुणी नीट बघितला नव्हता. दगडोबाचा मेहुणा गोपीचंद, तोही कारकूनच, हिंगोलीला यायला टपलेला आहे, आणि माझा तबादला झाला की इथं एक जागा रिकामी होते. शिवाय रांजणाचा राग. मी तडक भिंतीपलीकडं गेलो. दगडोबा ओट्यावर बसून दात घासत होता.

"दगडोबा, मासा कुठंय?"

"कोणता मासा?"

"निळा."

"तुझ्या घरात."

"घरात मातकट हाय."

"मंग मला काहून विचारून राहिला?"

"कारण मातकट मासे कुठं मिळतात हे तुला बराबर ठाऊक हाय."

दगडोबानं चूळ भरली. त्याला समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर तो उभा राहिला, आणि तो उभा राहिला की माझ्यापेक्षा बराच उंच आहे. पहिल्यांदा पाण्यात किडे काढले, आता आम्हाला चोर ठरवून राहिला, असं तो सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. मग म्हणाला, "बेलभंडार उचलतो. आज सांजच्याला. नागनाथाची आण घेतो. मंग तर झालं?"

दारातून आशाबाई बाहेर आली. ती माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाली, "उचला. आन् तुमी खरे निघालात तर ह्यांनी आपल्या रांजणातलं पाणी प्यायचं. समद्यांसमोर." आणि मग आमच्या दाराकडं तोंड करून म्हणाली, "आन् खोटं पाडलं आमाला, तर मी त्या घरात पाऊल टाकणार न्हाई. बाळंतपणाला बी न्हाई."

आमच्या दारात द्वारकाबाई उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. ती आत निघून गेली. मासा गेला तर साहेब तबादला रोखणार नाहीत, आणि रोखला तरी आशाबाई येणार नाही. एका बोटाएवढ्या जिवानं माझं घर दोन्ही बाजूंनी पेटवलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं साहेब येताहेत असा निरोपही कचेरीत येऊन पडला होता. दिवसभर माझ्या हातून एक कागद सरळ लिहिला गेला नाही. (एरवी जातो असं नाही.)

संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बेलभंडार उचलायचा म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे हळदीची पूड, देवापुढं हातात घ्यायची आणि शपथ घ्यायची. खोटं बोलणाऱ्याचं नख सुद्धा शाबूत राहत नाही अशी आमच्याकडं समजूत. बेल घेऊन सटवाजी गुरव आला होता. त्याच्या देवळात रोज दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं एवढेच भाविक असतात, त्यामुळं इतकी गर्दी बघून त्याला हुरूप आला. त्यानं आधी विचारलं, की मासा हा साक्षीदार समजायचा की मुद्देमाल. मी म्हणालो मुद्देमाल. दगडोबा म्हणाला साक्षीदार. दोघंही कचेरीतले, त्यामुळं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी सटवाजीनं निकाल दिला, की काही असलं तरी तो देवासमोर पाहिजे.

आमच्या घरी देवाचा कोनाडा एकच, चुलीमागच्या भिंतीत. त्याच कोनाड्यात देवांच्या मागं द्वारकाबाईचा कुंकू लावायचा आरसा उभा केलेला असतो, कारण दुसरा कोनाडा नाही. देव जरा सरकवून बरणी आरशाला टेकवून बसवली. मासा तसाच तळाशी कलंडलेला. समई बरणीच्या अगदी कडेला आली. चूल पेटलेली होती, भिंत तापलेली होती, त्यात एवढी माणसं. सटवाजीनं पूजा सुरू केली. त्याला येत होतं तेवढं सगळं त्यानं म्हटलं, आणि संपल्यावर त्यातलं निम्मं पुन्हा म्हटलं. घाम निथळायला लागला. माझं लक्ष देवाकडं नव्हतं. मी द्वारकाबाईकडं बघत होतो. ती आशाबाईपासून हातभर लांब बसली होती, आणि एरवी त्या दोघींच्या मधून वारा जात नसे.

शेवटी दगडोबा पुढं झाला. त्यानं बेल घेतला, त्यावर चिमूटभर भंडारा घेतला, हात वर उचलला. 

"नागनाथाची आण. मी ह्या बरणीला बोट जरी लावलं असंल, तर माझं..."

पुढं तो काय म्हणणार होता ते राहूनच गेलं, कारण आशाबाई म्हणाली, "आगं बया, निळा झाला."

मासा तळातून वर आला होता. त्याला आरशात दुसरा मासा दिसला असणार. त्यानं कल्ल्यांची झालर अशी फुगवली की डोकं दुप्पट झालं, पंख उघडले, शेपूट पसरली आणि आरशाकडं धाव घेतली. आमच्या देखत त्याच्या अंगावरच्या रेघा विरल्या आणि मातकटाचा निळा झाला, आणि निळा झाला तो असा झाला की समईच्या उजेडात डोळे दिपावेत. दगडोबाच्या हातातला बेल गळून पडला. सगळ्या घरानं हात जोडले. सटवाजीच सगळ्यांत आधी पाया पडला. इतकी वर्षं तो पूजा करत होता, पण देव इतक्या लगेच ऐकतो हे त्याला नवीन होतं.

माझा जीव भांड्यात पडला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तोच मासा होता, साहेबांचा मासा, जिवंत, निळा आणि संतापलेला. मी दगडोबाला मिठी मारायला गेलो. त्यानं मला धरून आशाबाईसमोर उभं केलं.

आशाबाईनं तांब्या आणला. साधा तांब्या नव्हे, लग्नात आंदण मिळालेला मोठा. मी सगळ्या आळीसमोर तिच्या रांजणातलं पाणी घटाघटा प्यालो. तिनं पुन्हा भरला. मी पुन्हा प्यालो. पाणी थंडगार आणि गोड होतं, अळी एकही नव्हती. (मी बघून घेतलं. असती तर माशाच्या सकाळच्या न्याहारीची सोय झाली असती.) तिसऱ्या तांब्याला द्वारकाबाईनं आशाबाईचा हात धरला आणि म्हणाली, "पुरे गं, फुटंल त्यो." त्या दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता द्वारकाबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी उजाडेपर्यंत परसाकडं फेऱ्या मारत होतो, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

देवानं कौल दिलेली बरणी हलवायची कुणाची छाती झाली नाही. ती कोनाड्यातच राहिली. सकाळी आंघोळ करून नमस्काराला गेलो तर पाण्यावर फेस. पांढरा, दाट, बरणीच्या एका कडेला साचलेला, आणि मासा वर येऊन तोंडानं आणखी फेस सोडत होता. मी हबकलो. माणसाच्या तोंडाला फेस आला तर काय समजतात हे सांगायला नको. दगडोबाच्या हातातला भंडारा बरणीत तर पडला नाही ना? मी पूजेची पळी घेतली आणि फेस काढायला लागलो. मी काढला की तो पुन्हा करी. मी पुन्हा काढला. तो काचेजवळ येऊन माझ्यावर धावायला लागला. आमचं हे असं हातघाईवर आलेलं असताना दाराशी टांगा थांबला आणि साहेब स्टेशनावरून थेट आत आले.

"संतराम, ये क्या कर रहे हो?"

मी पळी मागं लपवली. म्हणालो, "हुजूर, इसके मुँह से झाग..." आणि बोटानं बरणी दाखवली. साहेबांनी बरणीत बघितलं, आणि मग माझ्याकडं जे बघितलं, ते आठवलं की अजून मी नजर चुकवतो.

आमच्याशी साहेब थोडं उर्दू थोडं मराठी बोलत. ते म्हणाले, की अहो, तो घर बांधतोय आणि तुम्ही पाडताय. या जातीत नर मासा खुशीत असला, पाणी त्याला मानवलं, की तो असे बुडबुडे जमवून घरटं करतो. अंडी त्यात राहतात. मादी अंडी घालून मोकळी, पुढं सगळं बापानंच बघायचं. एक अंडं खाली पडलं तर तो तोंडात धरून परत वर ठेवतो, झोपसुद्धा घेत नाही. दाराआड द्वारकाबाई होती. तिच्या बांगड्या वाजल्या, आणि त्या कोणत्या अर्थानं वाजल्या हे मला नीट कळलं.

मग मी भीत भीत रेघांचं विचारलं. साहेब म्हणाले, तेच तर स्टेशनावर सांगत होतो. हा गरम मुलुखातला जीव, ह्याला गार पाणी सोसत नाही, आणि सगळं पाणी एकदम बदललेलं तर मुळीच नाही. गारठला किंवा भ्याला की ह्याचा रंग उडतो, अंगावर रेघा उमटतात, तळाशी पडून राहतो. ऊब मिळाली, जिवाला बरं वाटलं, की रंग परत येतो. आणि समोर दुसरा नर दिसला, मग तो आरशातला का असेना, की रंग दुप्पट चढतो. "डर गया तो रंग उड़ जाता है," साहेब माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "जैसे अभी तुम्हारा."

(हे सगळं मी पुढं सटवाजीला सांगितलं. तो म्हणाला, आरसा तर तिथं रोजच असतो, मग रंग बेल उचलल्यावरच काहून आला? मी कोनाड्याला आणखी एकदा नमस्कार केला.)

साहेब एकंदरीत खूश होते. असं मन लावून घरटं बांधणारा मासा त्यांनी त्यांच्या बंगल्यावर सुद्धा बघितला नव्हता म्हणे. मी हीच वेळ साधली. हात जोडले आणि म्हणालो, हुजूर, माझ्या तबादल्याचं तेवढं बघा, घरी असं असं आहे.

साहेब हसायला लागले. म्हणाले, "वो तो मेरे जाने से पहलेच रद्द हो गया था."

मला क्षणभर समजलंच नाही. साहेबांनीच खुलासा केला, की आधी सांगितलं असतं तर तुम्ही मासा इतक्या जिवापाड सांभाळला असता का? दाराआड द्वारकाबाई भुईवर बसल्याचा आवाज आला. मला त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं. लेकरू हिंगोलीतच होणार होतं. नर्सबाई होती, आशाबाई होती, चूल होती, सगळं जागच्या जागी होतं. माझी छाती जरा फुगली, आणि मी विचारलं की रद्द कशामुळं झाला. माझं काम इथं अडतं, म्हणून का?

साहेबांनी हनुवटी खाजवली. त्यांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, की तिकडच्या तहसीलदारांनी तुमची इकडं-तिकडं चौकशी केली. मग त्यांनी वर कळवलं, की जागा रिकामी राहिली तरी चालेल, पण हा माणूस नको. जागा रिकामी असली तर काम नुसतं थांबतं, हा आला तर उलटं चालायला लागेल.

साहेब बरणी घेऊन टांग्यात बसून गेले. मी आत वळलो. द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. मी विचारलं, ऐकलंस ना सगळं?

"ऐकलं की," ती म्हणाली, "नागनाथ त्या तिकडच्या साहेबाचं भलं करो. न बघता वळखलं त्यांनी तुमाला. आमच्या बापानं समोर पाटावर बसवून दिवसभर बघितलं, तरी त्याला जमलं न्हाई."